टेम्पो, मास्क आणि फुकटची गोळी

डॉक्टरबाई, नमस्कार. आमचं गाव तासगावजवळ. आमचे मालक (वय ५२) २४ वर्षं स्वतःचा टेम्पो चालवतात. हंगामात द्राक्षं भरून रात्रीचे वाशी मार्केटला जातात. घोरणं लग्नापासूनच आहे, पण दोन वर्षं झाली, झोपेत श्वास मधेच थांबतो. मी मनात आकडे मोजत पडते. वीस, पंचवीस होतात, मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेतात. रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठतात. शुगर तपासली, ती बरोबर आहे. बीपीची गोळी चालू आहे. वजन ७४ किलो, उंची साडेपाच फूट, म्हणजे काही फार जाड नाहीत. गेल्या फेब्रुवारीत खंबाटकीच्या अलीकडे डोळा लागला आणि टेम्पो कठड्याला घासला. देवाच्या कृपेने पत्र्यावरच निभावलं.

त्यानंतर रात्रभर वायरी लावून तपासणी केली. रिपोर्टमध्ये ४१ आकडा आहे, ऑक्सिजन ७४ पर्यंत खाली गेला म्हणाले. डॉक्टरांनी नाकाला मास्क लावायचं मशीन सांगितलंय. किंमत ऐकून हे गप्पच झाले. धाकटे दीर म्हणतात, या मशीनचा हृदयाला उपयोग नाही हे मोठ्या संशोधनात सिद्ध झालंय, त्यांनी मोबाइलवर वाचलंय. दुसऱ्या एका दवाखान्यात याच आजारावरच्या नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे. गोळी, तपासण्या फुकट, वर जाण्यायेण्याचा खर्च. दीर म्हणतात तिथे नाव घालू, फक्त ड्रायव्हर असल्याचं सांगायचं नाही, नाहीतर घेणार नाहीत. सासूबाई म्हणतात, माझ्या पोराला प्रयोगाचा उंदीर करू नका. मी कुणाचं ऐकू?
– एक वाचक

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी एक सांगते आणि त्यावर घासाघीस करू नका. उपचार सुरू होऊन झोप ताळ्यावर येईपर्यंत यांनी रात्रीचा टेम्पो हाती घ्यायचा नाही. बदली माणूस ठेवा, भाचा-पुतण्या असेल तर त्याला पाठवा, एखादी खेप सोडावी लागली तर सोडा. घरात कमावणारे ते एकटे असतील तर हे लिहिणं सोपं आणि करणं अवघड, हे मला कळतं. पण कठड्याला घासलेला पत्रा हा तुमच्या रिपोर्टमधल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा आकडा आहे.

आता रिपोर्ट. अंधारात पडून तुम्ही जे मोजत होतात, तेच त्या वायरींनी मोजलं, जरा शिस्तीनं. झोपल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा त्यामुळे इतका मिटतो की छाती श्वास ओढायची धडपड करते, पण हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, आणि माणूस पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. या आजाराला 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' म्हणतात, म्हणजे घसा अडून झोपेत श्वास थांबणं. किमान दहा सेकंद श्वास बंद पडला किंवा बराच कमी झाला, तर तो एक प्रसंग धरतात. तासाला असे ५ पर्यंत झाले तर ठीक, ३० च्या पुढे गेले की आजार तीव्र. यांचे ४१. सात तासांच्या झोपेत पावणेतीनशेच्या वर. दर दीड मिनिटाला कुणी हलवून उठवलं तर तुम्ही-मी काय करू? दुसऱ्या दिवशी भांडी घासताना पेंगू. हे पेंगतात ते स्टिअरिंगवर.

लघवीचंही कोडं यातच आहे. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, आणि शरीराची समजूत होते की अंगात पाणी जास्त झालंय. मग हृदयातूनच एक संप्रेरक सुटतं, ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला लावतं. पुष्कळ जण या एका तक्रारीसाठी प्रोस्टेटच्या डॉक्टरांकडे खेटे घालतात. आणि जाडीचं म्हणाल तर आपल्याकडे मध्यम बांध्याच्या माणसांनाही हा आजार होतो. लहान किंवा मागे गेलेली हनुवटी, जाड मान, अरुंद घसा एवढं त्याला पुरतं.

इथं माझा एक कबुलीजबाब. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एक बाई तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आल्या होत्या आणि मी हसून म्हटलं होतं, 'घोरताहेत म्हणजे गाढ झोपलेत, तुम्ही कानात कापूस घाला.' त्या नंतर आल्या नाहीत. नवऱ्याचा श्वास मोजत जागणाऱ्या बायकांची थट्टा मी तेव्हापासून सोडली ती सोडलीच.

दिरांनी वाचलेलं संशोधन खोटं नाही. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, 'सेव्ह' या नावानं ओळखलं जातं. सात देशांतले २,७१७ रुग्ण, त्यात भारतातलेही. निम्म्यांना मशीन दिलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सरासरी पावणेचार वर्षं पाहिलं. हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकारानं मृत्यू वगैरे सगळं मिळून मशीनवाल्यांमध्ये १७ टक्के आणि इतरांमध्ये १५.४ टक्के, म्हणजे मोजण्याजोगा फरक नाही. आमच्या व्यवसायात तेव्हा बरीच चुळबूळ झाली होती. तेव्हा दीर अर्धं बरोबर आहेत. हे मशीन लावलं की हृदय सुरक्षित, असं कुणी तुम्हाला विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण त्या अभ्यासात कुणाला घेतलं होतं, ते बातमीत येत नाही. ४५ ते ७५ वयाचे, आणि सगळेच आधीच हृदयाचे किंवा पक्षाघाताचे रुग्ण. मुख्य म्हणजे, ज्यांना दिवसा फार झोप येते, ज्यांना झोपेमुळे अपघाताचा धोका आहे, त्यांना त्या अभ्यासात घेतलेलंच नव्हतं. कारण सरळ आहे. चिठ्ठी टाकून निम्म्यांना मशीन नाकारायचं होतं, आणि अशा माणसाला चार वर्षं मशीन नाकारणं हा गुन्हा ठरला असता. थोडक्यात, तुमचे मालक दारात उभे राहिले असते तर 'सेव्ह'वाल्यांनीच त्यांना परत पाठवलं असतं, 'तुम्ही जाऊन मशीन घ्या' म्हणून. जिथे त्यांच्यासारख्याला प्रवेशच नव्हता, तिथला निकाल त्यांना लावायचा कसा?

दुसरी गोष्ट, त्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तास वापरलं. म्हणजे अकराला लावलं आणि सव्वादोनच्या सुमाराला काढून उशाशी ठेवलं. पहाटेची झोप, ज्यात स्नायू फार सैल असतात, ती मोकळीच राहिली. अर्धा डोस घेऊन औषध कुचकामी म्हणावं, तसं थोडंफार झालं. आणि एवढ्या अपुऱ्या वापरातही घोरणं कमी झालं, दिवसाची पेंग उतरली, मन हलकं झालं. हे त्याच शोधनिबंधात आहे, फक्त दिरांच्या मोबाइलपर्यंत पोचलं नाही.

यांच्यासारख्या माणसांवरचा अभ्यास हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीनं आपल्या चालकांची झोपेची तपासणी केली, ज्यांना हा आजार निघाला त्यांना कंपनीच्या खर्चानं मशीन दिलं, आणि मशीनमधल्या नोंदीवरून कोण वापरतो, कोण नाही हे पाहिलं. २०१६ मध्येच त्याचे निष्कर्ष आले. ज्यांनी मशीन मुळीच वापरलं नाही, त्यांच्याकडून झालेले टाळता येण्यासारखे गंभीर अपघात आजार नसलेल्या चालकांच्या पाचपट होते. नियमानं वापरणारे मात्र निरोगी चालकांच्या रांगेत येऊन बसले. त्यात चिठ्ठी टाकलेली नव्हती, त्यामुळे शुद्धतेच्या कसोटीला तो 'सेव्ह'पेक्षा खालचा. मशीन टाळणारा माणूस इतरही बाबतींत बेफिकीर असू शकतो, हेही खरं. तरीही मला तुमच्या घरासाठी निवडायला सांगाल तर मी हाच निवडेन, कारण त्यात चालक आहेत.

आता सासूबाईंचा उंदीर. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांमध्ये गरिबांना काही न सांगता घेतल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या होत्या, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला चांगलंच धारेवर धरलं होतं. नियम कडक झाले ते त्यानंतर. पण त्यांना मशीनचीही गोष्ट सांगा. १९८० पर्यंत या आजाराच्या तीव्र रुग्णाला एकच खात्रीचा उपाय होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. सिडनीत कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांकडे असा एक रुग्ण आला. गळा कापून घ्यायला तयार नव्हता, पण एक रात्र प्रयोगाला बसायला तयार झाला. धूळ ओढायच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावून सलिव्हननी नाकात हवेचा दाब सोडला, आणि मिटणारा घसा उघडा राहिला. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव छापून आला. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं मास्कचं मशीन, सीपॅप, ते हेच, आता फक्त छोटं आणि गप्प झालंय. कुणीतरी पहिल्या रात्री झोपलं म्हणून ते आज दुकानात मिळतं.

उलटंही घडतं. झोपेत श्वास थांबण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्यात घसा उघडाच असतो, पण मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायला विसरतो. हृदय कमकुवत झालेल्यांना तो होतो. त्यांच्यासाठी हुशार मशीन निघालं, श्वास चुकला की आपोआप हवा ढकलणारं. रिपोर्टमधले आकडे झकास सुधारत. सगळ्यांना वाटलं, आयुष्य वाढणारच. २०१५ मध्ये १,३२५ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला, तर मशीनवाल्यांमध्येच हृदयविकाराचे मृत्यू जास्त निघाले, जवळजवळ एक तृतीयांशानं. ती चाचणी झाली नसती तर आम्ही डॉक्टर आजही विश्वासानं ते मशीन लिहून देत बसलो असतो. (तुमच्या मालकांचा प्रकार हा नाही. रिपोर्टवर 'ऑब्स्ट्रक्टिव्ह' शब्द असेल, तो बघून घ्या.) म्हणून प्रयोगात जाणं वाईट, हे काही मला पटत नाही. प्रयोगात चुकीच्या माणसाला घालणं वाईट.

आणि तुमच्या घरात नेमकं तेच घाटतंय.

गोळीमागची कल्पना वेडगळ नाही. घसा सैल पडतो ना, मग जिभेच्या मुळाशी असलेल्या स्नायूला रात्रभर ताठ ठेवणारं औषध द्यायचं. २०१९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी आधीपासून बाजारात असलेली दोन औषधं एकत्र करून २० जणांना एका रात्रीपुरती दिली, आणि श्वास थांबण्याचे प्रसंग ६३ टक्क्यांनी घटले. वीस माणसं, एक रात्र. त्यावरून पुढच्या मोठ्या चाचण्या निघाल्या. तुमच्याकडची गोळी याच जातीची आहे की आणखी कुठली, हे पत्रावरून सांगता येणार नाही. पण अशा अभ्यासांत बहुतेक वेळा एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, आत काही नसलेली गोळी मिळते. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. म्हणजे काही महिने यांना बिनऔषधाची गोळी मिळण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि मास्क बहुधा लावायचा नाही. ४१ चा आकडा तसाच राहणार, आणि हे खंबाटकी चढणार.

'ड्रायव्हर असल्याचं सांगू नका' या वाक्यावर मी पत्र वाचताना थांबले. दिरांचा हेतू चांगला आहे, भावाचे पैसे वाचवायचेत. पण चालकाला न घेण्याची ती अट संशोधकांच्या सोयीसाठी नसते, ती यांच्या जिवासाठी असते, आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या. खोटं सांगून आत गेलात तर संरक्षण तुम्ही स्वतःच काढून फेकलंत. उद्या काही झालं तर भरपाईचा प्रश्नही अवघड होईल. तेव्हा आत्ता या अभ्यासात नाव घालू नका. हे माझं स्पष्ट मत.

पुढे कधी, मशीन वापरून झोप सावरल्यावर, यांना स्वतःहून एखाद्या अभ्यासात जावंसं वाटलं तर मी अडवणार नाही. उलट आपल्या लोकांवर अभ्यास व्हायलाच हवेत. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइड इंजेक्शनचंच बघा. २०२४ मध्ये त्याचे आकडे आले, वर्षभरात तासाला पंचवीस-तीस प्रसंग कमी. अमेरिकेनं त्याच वर्षी या आजारासाठी मंजुरीही दिली. आता मला रोज कुणीतरी विचारतं, 'डॉक्टर, ते इंजेक्शन?' पण ते तपासलं होतं लठ्ठ माणसांवर, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) ३० च्या वरच्या. यांचा बीएमआय साधारण २६. मग इंजेक्शनाचा विषयच कशाला काढायचा? साडेपाच फुटी, ७४ किलोच्या द्राक्षवाल्यांवर कुणी अभ्यास केला तर मला फार आवडेल.

अशा वेळी हाती काय असावं, तेही लिहून ठेवते. भारतातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. २००९ पासून ते सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा, घरी मुलांना मोबाइलवर उघडायला सांगा. कुणाला घ्यायचं आणि कुणाला वगळायचं, हे तिथे उघड लिहिलेलं असतं. दिरांना तेवढंच वाचायला द्या. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं आणि त्याची एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. सही करण्याआधी ते नीट वाचायला पुरेसा वेळ मागायचा तुम्हाला हक्क आहे. 'इथंच सही करा' म्हणणारा माणूस मला आवडत नाही. केव्हाही बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडल्यावर नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे.

आता पैशांचं. मशीन विकतच घ्यायला हवं असं नाही, भाड्यानं मिळतं. पहिले एक-दोन महिने भाड्यानंच घ्या. बरेच जण मशीनला नाही, मास्कला कंटाळतात. नाकापुरता आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे दोन्ही मास्क लावून बघू द्या. दाढी वाढली की हवा गळते, नाक चोंदलं की गुदमरतं. नाक कोरडं पडत असेल तर मशीनला पाण्याचं भांडं जोडता येतं. पहिले आठ दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास नुसता लावून बसवा, म्हणजे रात्री दचकणार नाहीत. लोडशेडिंगची धास्ती असेल तर इन्व्हर्टरवर चालतं. बॅटरीवर चालणारीही असतात, गाडी लावून केबिनमध्ये डुलकी घ्यायची तरी चालतील. बहुतेक मशीन रोज किती तास वापरलं ते नोंदवतं. डॉक्टर रात्रीला किमान ४ तास मागतात, तुम्ही पूर्ण झोपेचे मागा. नीट वापरलं तर दिवसाची झोप काही दिवसांतच उतरायला लागते. रात्रीच्या खेपेला परवानगी मात्र डॉक्टरांकडून नोंद दाखवून घ्या, अंदाजानं नको.

दारूची सवय असेल तर रात्रीची बंद. तिनं घसा आणखी सैल पडतो. झोपेची गोळी तर मुळीच नको, कुणी मायेनं दिली तरी. उताणं झोपण्यापेक्षा कुशीवर बरं.

राहिलं एक काम, ते तुम्ही करायचं. झोप किती येते हे मोजायची एक प्रश्नावली आहे, मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये काढलेली, एपवर्थ स्केल म्हणतात. आठ प्रसंग: बसून वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी जेवून शांत बसल्यावर, गाडी रहदारीत थांबलेली असताना वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलं तर जास्त. डॉक्टरांकडे ती मिळेल. ड्रायव्हर मंडळी ती भरताना हमखास हात आखडता घेतात, लायसन्सच्या भीतीनं. म्हणून दोन कागद घ्या. एक त्यांना भरू द्या, आणि दुसरा त्यांच्याबद्दल तुम्ही भरा, त्यांचा न बघता. दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि जमलं तर मलाही दोन्ही आकडे कळवा. तुमचा किती आला, ते मला आधी बघायचंय.